वाळूजच्या काळ्या मातीत डिझेलच्या मागावर

पहिला दिवस : पुणे – रांजणगाव – प्रवरासंगम – वाळूज

डिझेल मुरलेली जमीन तपासायला मराठवाड्यात जायचं तर मे महिन्यात जावं. ऊन जीव नकोसा करतं हे खरं, पण जमिनीखालचं पाणी तेव्हा वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला असतं आणि काळी माती मनगट जाईल एवढी भेगाळलेली असते. डिझेल कुठल्या वाटेने खाली उतरलं ते याच दिवसांत दिसतं. पाऊस पडला की माती फुगते, भेग मिटते आणि पुरावा आत राहतो.

गाडीत भरलेलं सामान असं: चार इंची हात-ऑगर आणि मीटर-मीटरच्या सहा दांड्या, बाष्प मोजणारा पीआयडी मीटर, तो जुळवायला १०० पीपीएम आयसोब्युटिलीनचं छोटं सिलिंडर, पाणी आणि तेल यांची सीमा सांगणारा इंटरफेस प्रोब, तळाला झडप असलेल्या बेलर नळ्या, २५० मिलीच्या तपकिरी काचेच्या साठ बरण्या, झिपच्या पिशव्या, दोन आइस बॉक्स, नायट्राइलच्या हातमोज्यांची खोकी आणि खुणा करायला फक्कीची गोणी. बरण्यांवर नावं पेन्सिलीनेच घालायची. मार्कर पेनच्या शाईतला सॉल्व्हंट पीआयडीला पुरतो, आणि मग स्वच्छ मातीलाही वास लागल्याची नोंद होते.

नगर रस्त्याने निघालं की तासा-दीड तासात रांजणगाव लागतं. गणपतीच्या पुढे एमआयडीसीत सामायिक घातक कचरा प्रक्रिया केंद्र आहे. तिथे थांबून मगच पुढे जायचं, कारण मातीचा शेवट कुठे होणार हे ठरल्याशिवाय खणायला सुरुवात करू नये. गेटवर तीन प्रश्न विचारायचे: आधी नमुना पाठवून तपासणी करून घ्यावी लागते ती किती दिवसांत होते, सध्या गाड्यांची रांग किती आहे, आणि ओली माती घेतात का. तिसऱ्याचं उत्तर सगळीकडे एकच असतं. जिच्यातून तेल किंवा पाणी ठिबकतं ती माती भूभरावात (कचरा पुरायच्या खड्ड्यात) जात नाही. ती आधी निथळवा, नाहीतर जाळायला पाठवा. दर निराळा पडतो.

अहिल्यानगर, नेवासा फाटा मागे टाकून प्रवरासंगमच्या पुलावर गाडी पाच मिनिटं थांबवण्यासारखी आहे. नाथसागराचं पाणी मागे सरलेलं, उघड्या पडलेल्या गाळात गाळपेराची शेतं, आणि पुलाच्या खांबांवर पाण्याच्या पातळीचे डाग, एकावर एक. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं आणि उन्हाळ्यात कुठे उतरतं हे खांबावर सरळ वाचता येतं. जमिनीखाली तरंगणारं डिझेल असाच डाग पाडतं. पाण्याबरोबर चढतं, उतरतं आणि त्या सगळ्या उंचीत मातीच्या कणांना माखून राहतं. पुढच्या सगळ्या कामात हा पट्टा आडवा येणार असतो, म्हणून खांब बघून घ्यायचे.

दुसरा दिवस : कागद, डिप रॉड आणि मागचं गटार

वाळूजचा हा कारखान्याचा प्लॉट साधाच. जमिनीत पुरलेली २० हजार लिटरची डिझेलची टाकी, दोन डीजी सेट (डिझेल जनरेटर), एक बॉयलर. गेल्या पावसाळ्यात मागच्या कंपाउंडजवळच्या पावसाळी गटारात इंद्रधनुष्यी तवंग दिसला. कंपनीने बॉयलरच्या लाइनचे आटे पाडलेले एल्बो गळतात असं ठरवून लाइन बदलली. तवंग थांबला. अर्थात पाऊसही थांबला होता.

तवंग दिसला की आधी तो कशाचा ते बघावं. गटाराच्या कोरड्या तळाशी एका खळग्यात अजून पाणी होतं, त्यावर चकाकी होती. काडी फिरवली तर पापुद्र्यासारखे तुकडे झाले आणि वेगळेच राहिले. हा लोहजीवाणूंचा थर. दोन हातांवर दुसरा खळगा, तिथे काडीमागे रंग वळसे घेत आले आणि पुन्हा एक झाले. हे तेल. एकाच गटारात दोन्ही असू शकतात, आणि घाईत घेतलेल्या फोटोत फरक कळत नाही.

मग स्टोअरचं रजिस्टर. दर टँकरमागे शंभर-दीडशे लिटरची तूट आणि शेरा ‘उष्णतेची घट’. हा शेरा खोटा नसतो, म्हणूनच घातक असतो. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं. बारा हजार लिटरचा टँकर ४५ अंशांचं डिझेल ओतून गेला आणि जमिनीतली टाकी ३० अंशांवर असली, तर दीडशे लिटर आपोआप ‘कमी’ होतात. रोजची लहान गळती या दीडशेत आरामात लपते. उपाय एकच: टँकर आल्याचे दिवस बाजूला ठेवायचे आणि रविवार किंवा सुटीचे दिवस काढायचे, जेव्हा काही भरलं नाही आणि काही वापरलं नाही. तशा दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी ओळीने लावल्या की गळती उघडी पडते.

रजिस्टरमधली त्याहून बोलकी नोंद पाण्याची. टाकीतली पातळी मोजायच्या काठीच्या, म्हणजे डिप रॉडच्या, टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात. पाणी लागलं तेवढ्या भागात तिचा रंग बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये तळाला पाणी चढत होतं, ते पंपाने काढून टाकल्याच्या नोंदी होत्या, कारण म्हणून ‘ब्रीदर पाइपातून पाऊस’. ब्रीदरची, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीची, टोपी शाबूत होती. तळ ३.२ मीटर खोल, आणि पावसाळ्यात भूजल त्याच्या वर येतं. बाहेरून पाणी आत येत असेल तर त्याच भोकातून उन्हाळ्यात डिझेल बाहेर जातं. लाइन बदलून काही झालेलं नव्हतं.

दुपारी केबल, पाण्याच्या लाइन, अर्थिंग यांच्या खुणा फक्कीने. नकाशावर विसंबायचं नाही, पहिले १.२ मीटर प्रत्येक भोक हातानेच. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे स्वतंत्र नियम आले, तेव्हापासून अशा जागेची कागदपत्रं पुढे कोण मागेल याचा नेम नाही. फोटो, खोली, वेळ, सगळं पहिल्या भोकापासून लिहायचं.

तिसरा दिवस : ऑगर

टाकीभोवती पाच-पाच मीटरवर भोकं, मग जिकडे वास तिकडे पुढे सरकायचं. वर अर्धा मीटर भराव, खाली २.२ मीटरपर्यंत काळी माती, मग पिवळा मुरूम, साडेचार मीटरला मांजऱ्या खडक. ऑगर तिथे थांबतो.

अखंड काळी माती डिझेलला सहजासहजी वाट देत नाही. काढलेला पिंड सुरीने उभा चिरला की बहुतेक भाग काळा-तपकिरी आणि बिनवासाचा. पण मधोमध भेगेची एक रेघ जाते, तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा निळसर-राखाडी, हाताला गुळगुळीत, वास उग्र. डिझेल या रेघेने उतरून थेट मुरमात पोचलेलं असतं. पिंडाच्या बाजूची चिमूट घेतली तर नमुना स्वच्छ, रेघेवरची घेतली तर भयंकर. म्हणून अर्ध्या मीटरचा पूर्ण पिंड कालवून त्यातून भरायचं, आणि रेघेचा एक वेगळा नमुना.

पीआयडीची रीत: झिप पिशवी अर्धी भरायची, ढेकळं बाहेरूनच चुरायची, दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवायची, मग टोक खुपसून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सगळ्या पिशव्या एकाच तापमानाला ठेवल्या नाहीत तर सकाळचं भोक स्वच्छ आणि दुपारचं घाण ठरतं. पेट्रोलवर तोललेली नजर इथे फसते. जुनं डिझेल जड, त्याची वाफ कमी. ४० पीपीएम दाखवणाऱ्या मातीत किलोला १० हजार मिलीग्रॅम तेल निघू शकतं. म्हणून जोडीला बरणी हलवून बघायची: मूठभर माती, तेवढंच पाणी, चिमूटभर सुदान रंग, अर्धा मिनिट जोरात. तेल असेल तर तांबडा थेंब वर येतो, बाष्पाचा काटा काहीही म्हणो.

संध्याकाळपर्यंत चित्र विचित्र. टाकीच्या पूर्वेला उताराच्या बाजूने तीन भोकं कोरी. उत्तरेला, उताराच्या उलट, टाकीपासून १४ मीटरवर तांबडा थेंब. मधल्या जागेत काहीच नाही. याचं उत्तर फक्कीच्या रेघेत होतं: डीजीच्या केबलचा चर. काळ्या मातीत चर खणून तो मुरमाने भरला की ती एक मोरीच होते. पावसाळ्यात चढलेल्या पाण्यावर तरंगत डिझेल या मोरीपर्यंत आलं आणि तिने मागच्या गटारात. काळ्या मातीत उतार बघून भोकांची जागा ठरवणाऱ्यांना चर दिसत नाही.

चौथा दिवस : चार निरीक्षण बोअर

गावातला बोअरवाला डीटीएच रिग (हवेच्या दाबावर भोकात हातोडा चालवणारं यंत्र) घेऊन येतो. त्याला दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात, आणि दोन्ही त्याला पटत नाहीत. एक, कॉम्प्रेसरच्या हवेत स्वतःचं तेल असतं. नळीवर तेलाचा फिल्टर बसवल्याशिवाय हातोडा चालवायचा नाही, नाहीतर आपणच घातलेलं तेल प्रयोगशाळा मोजेल. दोन, पीव्हीसी केसिंगला सोल्युशन लावायचं नाही. त्यातले सॉल्व्हंट महिनोन्महिने पाण्यात उतरतात. आटे असलेला पाइप आणा, नाही मिळाला तर स्टीलचे स्क्रू.

सर्वांत महाग चूक जाळीच्या पाइपाची. पाण्याच्या बोअरला वर सलग केसिंग, खाली जाळी अशी पद्धत. तरंगणाऱ्या तेलाला ती उलटी पडते: पाण्याच्या पृष्ठाशी सलग पाइप असेल तर तेल आत शिरतच नाही, आणि वर्षभर ‘तेल नाही’ असा अहवाल निघतो. इथे भूजल उन्हाळ्यात साडेसहा मीटरवर, पावसाळ्यात अडीचवर. म्हणून जाळी दोन मीटरपासून आठ मीटरपर्यंत. बाहेरून एक-दोन मिमी वाळू, तिच्या वर अर्धा मीटर बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) पाणी घालून फुगवलेलं, वर सिमेंट. पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने उतरलं तर बोअर बाद.

पाचवा दिवस : टाकी उघडली

रात्रभर बोअर स्थिरावले. इंटरफेस प्रोब तेलात सलग वाजतो, पाण्यात टप्प्याटप्प्याने. टाकीच्या उत्तरेच्या बोअरमध्ये ३१० मिमी तेल. हा आकडा ऐकून व्यवस्थापक पंप लावायला निघतात. घाई करू नये. पाणी उतरतं तेव्हा भोवतालचं तेल बोअरच्या मोकळ्या पोकळीत निथळतं आणि तिथली जाडी मातीतल्या खऱ्या थरापेक्षा बरीच जास्त दिसते. बेलरने सगळं उपसलं आणि पुन्हा मोजलं: दुसऱ्या दिवशी सकाळी परतलं होतं जेमतेम २० मिमी. पंपाचं काम नाही. आठवड्यातून एकदा बेलर, आणि मधे तेल शोषणारी पिशवी टांगून ठेवायची.

टाकी रिकामी करून तळाचा गाळ ड्रमांत. मग ब्लोअर, आणि स्फोटक वायूचा काटा शून्य व ऑक्सिजन २०.९ दिसल्याशिवाय कोणी आत डोकं घालायचं नाही. काळा, चिकट गाळ डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणाऱ्या बुरशी-जीवाणूंचा, आंबूस वासाचा. तो पुसला तेव्हा तळाचा पत्रा बऱ्यापैकी शाबूत निघाला. फक्त डिप पाइपाच्या बरोब्बर खाली एक चकाकणारा खळगा, वाटीच्या तळाएवढा, कडा घासून पातळ झालेल्या, आणि मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. तीस वर्षं, रोज दोनदा, पितळी टोकाचा डिप रॉड त्याच जागी आपटत होता. जुन्या टाक्यांत रॉडखाली जादा पट्टी वेल्ड केलेली नसते. मोजण्याच्या जागीच टाकी फुटावी हे पुरलेल्या टाक्यांत सर्रास घडतं.

नमुने बर्फात घालून परत. दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, आणि धुतलेल्या ऑगरवरून ओतलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटली. चाचणी मागताना ‘ऑइल अँड ग्रीस’ लिहून चालत नाही. त्यात अर्क काढल्यावर विद्रावक तापवून उडवतात आणि त्याबरोबर डिझेलचा हलका भाग उडतो. आकडा उगाच सुंदर येतो. जीसी-एफआयडीवर (तेलातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सी-१० ते सी-४०, म्हणजे दहा ते चाळीस कार्बनचे घटक, मागायचं, सिलिका जेलने स्वच्छ करून, म्हणजे काळ्या मातीतला कुजलेला पाला तेल म्हणून मोजला जात नाही.

सहावा दिवस : जूनचा पहिला आठवडा, खोदाई

प्रयोगशाळेचे आकडे आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आली, ढगही आले. टाकी काढताना गॅस कटर वर्ज्य. आधी पोकलेनने मोकळी करून उचलायची, मग थंड पद्धतीने कापायची. ही टाकी पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेच्या) परवान्यावर होती, त्यामुळे ती काढल्याचं त्यांना कळवणं आलंच.

वरचा मीटरभर स्वच्छ थर वेगळ्या ढिगात. ही शिस्त पहिल्या तासात मोडली तर पुढे सगळीच माती दूषित म्हणून मोजावी लागते. खालची दूषित माती सुमारे २०० घनमीटर, घनमीटरला १.७ टन धरून ३४० टन, सरासरी किलोला ९,००० मिलीग्रॅम. म्हणजे तीन टनांवर, साडेतीन हजार लिटरांहून जास्त डिझेल मातीत. खड्ड्याचे चार काठ आणि तळ यांचे नमुने घेतल्याशिवाय बुजवायचं नाही. थांबायचं कुठे? इथे आधाराला डच हस्तक्षेप मूल्य (ज्याच्या वर गेलं की नेदरलँड्समध्ये जमीन गंभीर दूषित धरतात तो आकडा) घेतलं, किलोला ५,००० मिलीग्रॅम. उत्तर काठ अजून वर होता, पण तिथे डीजीचा पाया. पाया उघडा पाडून चार टोपल्या माती वाचवण्यात अर्थ नाही. तिथे दोन जाळीचे पाइप उभे करून मंद हवा सोडायची सोय केली.

निथळणारी सुमारे ४० टन माती आणि टाकीचा गाळ रांजणगावला. प्रत्येक गाडीला सात प्रतींचं मॅनिफेस्ट (घातक कचऱ्याचं वाहतूक-पत्र), ट्रॉलीत प्लास्टिक, वर ताडपत्री. उरलेल्या ३०० टनांचा प्लॉटवरच बायोपाइल, म्हणजे हवा आणि खत देऊन जीवाणूंकडून तेल पचवून घ्यायचा ढीग.

सातवा दिवस : ढीग लावणे

एचडीपीईचा प्लास्टिक कागद अंथरून, कडेला बांध, एका कोपऱ्यात निचऱ्याचा खड्डा. ढीग तळाशी २२ बाय ९ मीटर, उंची दोन मीटर. तळापासून अर्ध्या मीटरवर छिद्रांचे तीन इंची पाइप, तीन ओळी, ब्लोअर हवा ओढून घेणारा, पुढे पाणी साठवायचा ड्रम आणि कोळशाचा ड्रम. एक किलो तेल पचवायला जीवाणूंना साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे बारा-तेरा घनमीटर हवा. २,७०० किलोंना ३४ हजार घनमीटर. आकडा मोठा वाटतो, पण शंभर दिवसांत वाटला तर तासाला चौदा घनमीटर. लहान ब्लोअर पुरतो. मोठा लावला तर ढीग वाळतो आणि काम बंद पडतं.

खताचा हिशेब कार्बन : नायट्रोजन : फॉस्फरस १०० : १० : १. तीनशे टनांना युरियाची ४५ किलोची अकरा पोती आणि सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची साडेसहा. एकदम टाकायचं नाही. काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात सगळा युरिया एका दिवशी पडला की अमोनिया सुटतो, डोळे झोंबतात आणि जीवाणू मरतात. तीन हप्ते, मधे अंतर ठेवून. मोकळेपणासाठी बगॅस (उसाचा चोथा), आकारमानाने पंधरा टक्के.

ओलाव्याला शेतकऱ्याचा शब्द पुरेसा आहे: वापसा. मूठ वळते, पण तळहात ओला होत नाही. वर ताडपत्री हवीच. मराठवाड्याच्या एका जोरदार पावसाने उघड्या ढिगाचा चिखल होतो आणि हवेचे पाइप बुजतात.

ऑक्टोबरमधली फेरी

पाणी अडीच मीटरवर. उत्तरेच्या बोअरमध्ये तेल शून्य. कंपनीला ‘तेल संपलं’ असं पत्र हवं असतं, आणि ते पत्र द्यायचं नसतं. प्रवरासंगमचे खांब आठवावेत: खालचे डाग पाण्याखाली गेले, पुसले गेले नाहीत. चढत्या पाण्याने तेल मातीच्या छिद्रांत कोंडलं, बोअरमध्ये निथळायला मोकळं उरलं नाही.

ढिगाचा एकत्रित नमुना किलोला ३,४००. यातली पहिली खोट बगॅसची: पंधरा टक्के बगॅस मिसळलं की काही न पचताही आकडा थोडा उतरतो, आणि बगॅस स्वतः कुजताना ढीग गरम करतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. उष्णता आणि वायू बघून डिझेल पचतंय असं समजू नये. क्रोमॅटोग्राममध्ये (जीसीच्या आलेखात) सी-१७ शिखर शेजारच्या प्रिस्टेनपेक्षा किती बसलं ते बघायचं. सरळ साखळीचं सी-१७ जीवाणू आधी खातात, फांद्यांचं प्रिस्टेन मागे राहतं. इथे सी-१७ चांगलंच बसलं होतं.

दुसरी खोट ढेकळांची. नारळाएवढं एक ढेकूळ काढून पहारीने फोडलं. बाहेरचा दोन बोटांचा थर तपकिरी, बिनवासाचा. आत निळसर गाभा, कालच मुरल्यासारखा ताजा वास. चिकणमातीच्या गाभ्यात हवा पोचत नाही, आणि नमुना घेणारा हात नकळत भुसभुशीत मातीकडेच जातो. चार दिवस ताडपत्री काढून ठेवली, वापसा येताच ढीग पसरून ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर दोनदा फिरवला, तिसरा हप्ता त्यातच मिसळला, पाइप पुन्हा बसवले. ओल्या मातीत रोटाव्हेटर फिरवला असता तर त्याच मातीच्या गोळ्या झाल्या असत्या.

फेब्रुवारीतली फेरी

ढीग १,१०० वर, ढेकळांचे गाभे धरून. उरलेलं जड शेपूट अजून काही महिने रेंगाळेल. ही माती प्लॉटच्या आत, पार्किंगखाली भरायची. बागेत नाही, गेटबाहेर नाही. कुणी स्वच्छ मुरूम मिसळून आकडा आणखी उतरवू म्हटलं तर त्याला सफाई म्हणत नाहीत.

पाणी साडेपाच मीटरवर उतरलंय आणि उत्तरेच्या बोअरमध्ये प्रोब पुन्हा सलग वाजला: ३५ मिमी. शोषण पिशवी बदलली, बेलरने उपसलं, डीजीच्या पायाजवळच्या दोन पाइपांतला ऑक्सिजन मोजला. पायाकडच्या पाइपात ४ टक्के, म्हणजे तिथे अजून खाणं चालू आहे. ब्लोअरचा वेळ दिवसाला सहावरून दहा तास केला. नवी टाकी जमिनीवर, बांधाच्या आत उभी आहे, डिप पाइपाखाली जाड पट्टी वेल्ड केलेली. केबलच्या चरात कंपाउंडच्या अलीकडे बेंटोनाइटचा बांध घातलाय. पुढचं माप मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी सर्वांत खाली असेल तेव्हा.